तीन वेळा पाणी

रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या खोलीत सहावी-सातवीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा, आणि तो संध्या त्रिभुवन घ्यायची. संध्या बीएस्सी झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली. त्यामुळे फादरांनी मोठ्या विश्वासानं हा वर्ग तिच्या गळ्यात घातला होता. पण शिकवण्यापेक्षा राखणच जास्त करते की काय, असं तिचं तिलाच वाटे. वर्ग सुरू होण्याआधी ती मुलं मोजायची. फाटकाकडे तोंड करून उभी राहायची. बाहेर अनोळखी मोटारसायकल थांबली की फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबायचा. दिवाळीनंतर कुठल्याशा गावातल्या प्रार्थनेच्या घरात, इथं धर्मांतर चालतं म्हणत, माणसं मोबाइल उगारून शिरल्याचं चर्चच्या ग्रुपवर आलं होतं, तेव्हापासून हे जास्तच झालं होतं. फादरांनीही वेदीवरून सांगितलं होतं, की बाहेरचं एकही लेकरू आईबापाच्या चिठ्ठीशिवाय वर्गात बसवायचं नाही. सोबत खेळायला म्हणून आलेलंसुद्धा नाही.

त्या रविवारी धडा होता स्नानसंस्काराचा. मुलं पेंगत होती म्हणून संध्यानं घरून एक बाहुली आणली होती. तिच्या अकरा वर्षांच्या सुवार्ताची ती जुनी बाहुली, एक डोळा न मिटणारी. स्टीलचा पेला, खाली परात. एकेकानं यायचं, बाहुलीच्या कपाळावर तीन वेळा पाणी घालायचं आणि म्हणायचं, "मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देते." मुलं एकदम जागी झाली. बाहुलीचं नाव काय ठेवायचं यावरून भांडणं झाली, परात सांडली. संध्यानं फळ्यावर दोन वाक्यं लिहून दिली. एक, स्नानसंस्काराचा ठसा कधीच पुसला जात नाही. दोन, जिवावर बेतलं असेल आणि फादर जवळ नसतील, तर कुणीही हा संस्कार देऊ शकतं.

दुसरं वाक्य नीट समजावं म्हणून तिनं आजीची गोष्ट सांगितली. आजी म्हणजे लक्ष्मीबाई, देवगाव रंगारीकडच्या वस्तीवरची सुईण. एका रात्रीच्या बाळंतपणात मूल निळं पडलं, फादर पंधरा कोसांवर. तेव्हा आजीनं हंड्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्या जिवाला नाव दिलं होतं. बाळ तासभर जगलं. आजी म्हणायची, नाव घेऊन गेलं, तेवढं बरं.

गोष्ट जमली होती. तेवढ्यात सुवार्तानं हात वर केला. वर्गात ती आईला टीचरच म्हणायची.

"टीचर, आणि पाणी मिळालंच नाही तर? ते बाळ कुठं जातं?"

बाहेर गाण्याची तालीम करणारी मंडळी खोली रिकामी व्हायची वाट बघत होती, पेटीसुद्धा दारात येऊन ठेपली होती. संध्या म्हणाली, पुढच्या रविवारी. स्कूटीवर घरी जाताना क्रांती चौकाच्या सिग्नलला सुवार्तानं तोच प्रश्न मागून कानाशी विचारला. संध्या म्हणाली, पुढच्या रविवारी सगळ्यांना एकदमच सांगते.

खरी गोष्ट अशी, की तो प्रश्न तिला नको होता. सुवार्ताच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, सातव्या महिन्यातच, आणि तो श्वास न घेताच गेला होता. त्याला पाणी नाही, नाव नाही. फादर म्हणाले होते, देवाच्या दयेवर सोड. आजी काहीच म्हणाली नव्हती. नुसती पदरानं डोळे पुसत भिंतीकडे बघत राहिली होती, आणि संध्याच्या मनात राहिलं होतं ते आजीचं गप्प बसणं.

बुधवारी दुपारी शेजारची तनुजा धावत आली. सातारा परिसरातल्या त्या रो-हाउसांच्या ओळीत दोघींच्या घरांची भिंत एकच. तनुजाचं सासर पिशोरकडचं, मोठ्या जमिनीवालं. नवरा विश्वजीत बँकेत, सासू वच्छलाबाई महिना गावाकडं, महिना इकडं. तनुजाच्या हातात आठ महिन्यांचा इंद्रजीत होता, अंगाला चटका बसेल इतका तापलेला. त्याला झटका आला होता, डोळे वर गेले होते, असं ती सांगत होती. विश्वजीतचा फोन लागत नव्हता. संध्यानं बाळाला स्वतःच्या पलंगावर ठेवलं, सुवार्ताला म्हणाली, इथंच बस, हलू नकोस, आणि रिक्षा आणायला कोपऱ्यावर पळाली. तनुजा फाइल आणि दुपटी घ्यायला घरात गेली. वच्छलाबाई दोन्ही घरांच्या मधोमध उभ्या राहून खंडोबाला हाका मारत होत्या.

पाच मिनिटं, फार तर सात. संध्या रिक्षा घेऊन आली तेव्हा बाळाचं जावळ ओलं होतं आणि उशीवर पाण्याचा डाग. पट्टी ठेवली असेल, एवढंच तिला वाटलं. पोरगी शहाणी आहे, असंही वाटलं. रिक्षा जालना रोडवरच्या लहान मुलांच्या दवाखान्याकडे निघून गेली.

संध्याकाळी तनुजाचा फोन आला. ताप उतरतोय, झटका परत आला नाही, दोन-तीन दिवस ठेवणार आहेत. संध्यानं सुवार्ताला सांगितलं, बाळ बरं आहे. वही घेऊन बसलेली सुवार्ता अगदी शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. आणि बरं झालं नसतं तरी आता भीती नव्हती, मम्मी."

मग तिनं वही पुढं केली. धर्मशिक्षणाचीच वही, निळ्या कव्हरची. स्नानसंस्काराच्या धड्याखाली तिनं पट्टीनं चौकट आखली होती. नाव, इंद्रजीत मायकल, दुसरं तिनंच जोडलेलं. तारीख. ठिकाण, आमचं घर. संस्कार देणारी, सुवार्ता प्रणय त्रिभुवन. साक्षीदार या ओळीवर थोडं खोडून लिहिलं होतं, वच्छला आजी.

संध्यानं आधी उठून खिडकी लावली.

"आजींनी बघितलं?"

"दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, पाणी टाकतीस व्हय, बरं केलंस, डोकं गार पडंल."

"तू बोललीस ते ऐकलं त्यांनी?"

सुवार्ताला सांगता येईना. मोठ्यानं म्हटलं होतं, एवढं तिला आठवत होतं, कारण टीचरनंच सांगितलं होतं की शब्द स्पष्ट म्हणायचे. मग आईचा चेहरा बघून तिचा स्वतःचा चेहरा पडला. मी चुकले का, असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "तू सांगितलंच नाहीस ना, पाणी नाही मिळालं तर कुठं जातं ते. मग मी काय करणार होते?"

संध्याचा नवरा प्रणय वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता, जेवायला बसणार होता. ऐकल्यावर ताट तसंच राहिलं. तो ओरडला नाही, आणि तेच संध्याला जास्त लागलं. खालच्या आवाजात म्हणाला, ते पान आत्ताच्या आत्ता जाळून टाक, पोरीला सांग तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि तू तर अजिबात काढू नकोस. विश्वजीत चांगला आहे हे त्यालाही मान्य होतं. पण विश्वजीतचे चार मित्र आहेत, मित्रांचे ग्रुप आहेत. "तिथं कुणी असं नाय म्हणणार, की अकरा वर्षांच्या पोरीनं केलं. म्हणतील, बाई वर्ग घेते आणि पोरांना हेच शिकवते. आणि खोटं काय आहे त्यात?"

खोटं काही नव्हतं. तिनंच फळ्यावर लिहिलं होतं.

संध्यानं फादरांना फोन केला. ते म्हणाले, हे फोनवर नको. पुढं एवढंच, की मी वरती बिशपांना विचारतो, तोवर कुणाशी बोलू नकोस, आणि रविवारचा वर्ग घ्यायचा की नाही ते तू ठरव. फोन ठेवताना त्यांनी पोरगी घाबरली आहे का, हेही विचारलं. संध्या नाही म्हणाली. घाबरली होती ती स्वतः.

गुरुवार आणि शुक्रवार तिनं कान देऊनच काढले. सामाईक भिंतीपलीकडून पाटा सरकल्याचा, नळाचा, वच्छलाबाईंच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि ती हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. विश्वजीतची गाडी दवाखान्यातून आली, दहा मिनिटं थांबली आणि परत गेली, तेव्हा ती दहा मिनिटं तिनं मोजली. दारावरचा क्रूस काढून आत ठेवावा असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आलं याची लाज वाटून तिनं तो फडक्यानं पुसून तिथंच परत टांगला. पान तिनं जाळलं नाही. वहीतून काढलं, चौघडी केली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी घातलं. का जाळलं नाही, हे तिला प्रणयला सांगता आलं नसतं. सुवार्तानं ती चौकट आखताना जीभ दाताखाली धरली असणार, नेहमीसारखी, एवढंच सारखं डोळ्यापुढं यायचं.

शनिवारी सकाळी बाळ घरी आलं. दुपारी वच्छलाबाई त्याला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. तनुजा झोपलीय, चार दिसाची जागलीय, म्हणून म्हातारी एकटीच आली होती. संध्यानं पाट दिला, चहा टाकला. इंद्रजीत बारीक झाला होता, पण टकामका बघत होता. सुवार्ता आतल्या दाराला टेकून उभी राहिली. एरवी तिनं त्याला झडप घालून घेतलं असतं.

वच्छलाबाई लगेच मुद्द्यावर आल्या नाहीत. दवाखान्यातल्या नर्स पोरींना नावं ठेवली, डॉक्टर अगदीच लेकरू दिसतो म्हणाल्या, पिशोरला असते तर आतापर्यंत दृष्ट उतरवून पोरगं रांगायला लागलं असतं, असंही म्हणाल्या. चहा बशीत ओतला. मग बशी तशीच हातात धरून म्हणाल्या, "एक इचारू? तुझी लेक त्या दिवशी पाणी घालताना काय म्हणत व्हती गं?"

चहाचं भांडं खाली ठेवायला संध्याला ओटा सापडेना. म्हणता आलं असतं, ताप उतरावा म्हणून प्रार्थना केली, आमच्यात करतात. म्हातारीनं मान डोलावली असती, आशीर्वादही दिला असता. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण दाराशी सुवार्ता होती, आणि ती आईकडे तशीच बघत होती, जशी वर्गात उत्तराची वाट बघायची.

संध्यानं सांगितलं. आमच्यात बाळाला कपाळावर पाणी घालून देवाच्या पदरात घालतात. जीव जातोय असं वाटलं तर कुणीही घालू शकतं, असं मीच वर्गात शिकवलं होतं. पोरीला वाटलं इंद्रू जातोय. म्हणून तिनं तुम्हाला न विचारता ते केलं. चूक तिची नाही, माझी आहे.

वच्छलाबाईंनी बशी खाली ठेवली. चहा न पिता. बाळाला कडेवरून मांडीवर घेतलं आणि त्याचं कपाळ बघितलं, जणू काही दिसेल.

"म्हंजे आमचं लेकरू तुमच्यात गेलं?"

"नाही मावशी. लेकरू तुमचंच आहे."

"मंग ते पुसता येतं का? परत काय पाणी घालून, काय म्हणून?"

होय म्हटलं तर गेल्या रविवारचं फळ्यावरचं पहिलं वाक्य खोटं. नाही म्हटलं तर भिंतीपलीकडे काय होईल ते होईल.

"आमच्यात म्हणतात, पुसता येत नाही," ती म्हणाली. "पण ते म्हणणं आमचं आहे. तुमच्या घरावर त्याचं काही बंधन नाही. आणि तुम्हाला न विचारता करायचा हक्क आमच्यातल्या कुणालाच नव्हता. हे मी तनुजालाही सांगते, ती उठली की."

"तू नको सांगू," वच्छलाबाई उठत म्हणाल्या. "म्या सांगन. माझ्या डोळ्यादेखत झालंय, मलाच सांगाया पाहिजे." दारातून जाताना त्यांनी बाळाच्या डोक्यावरून पदर ओढून घेतला. बाहेर ऊन काही फार नव्हतं.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. भांडण ऐकू आलं असतं तर बरं, असं संध्याला वाटलं. प्रणयनं दोनदा उठून गाडीला कुलूप घातल्याचं बघितलं. सांगितलंस ते सांगितलंस, एवढंच तो म्हणाला, आणि उद्या वर्गाला मी येतो, फाटकाशी उभा राहीन.

रविवारी मिस्सा झाली. संध्यानं मुलं मोजली, चौदा. फाटकाशी प्रणय चपलेनं माती उकरत उभा होता. तिनं फळा पुसला आणि लिहायला खडू उचलला, तर प्रणयची मान वळलेली दिसली. रिक्षातून तनुजा उतरत होती, कडेवर इंद्रजीत. एकटीच. संध्याला आधी तिच्या मागं रस्त्यावर नजर टाकावीशी वाटली, आणखी कोण येतंय ते बघायला. कुणी नव्हतं. तनुजा प्रणयशी एक शब्द बोलली आणि सरळ खोलीत आली.

"ताई, तुम्ही पोरांना काय शिकवता ते मला ऐकायचंय," ती म्हणाली, आणि शेवटच्या बाकावर बसली. चार दिवसांचं जागरण तिच्या डोळ्यांखाली अजून होतं. ती हसली नाही.

फादरांचा नियम संध्याला आठवला. बाहेरचं लेकरू, चिठ्ठीशिवाय. पण आई स्वतः बरोबर होती. खडू बोटांत मोडला, तेव्हा तिनं तो ठेवून दिला आणि फळ्याकडे पाठ करून उभी राहिली.

गेल्या रविवारी एक प्रश्न आला होता, ती म्हणाली, आणि मी तो पुढं ढकलला. ढकलला, कारण मला त्याची भीती वाटते. मग तिनं मुलांना सांगितलं, की तिला एक बाळ झालं होतं, आणि त्याला पाणी मिळालं नव्हतं. सुवार्तानं मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. संध्याचा आवाज कापत होता आणि तो तिला थांबवता येत नव्हता, म्हणून तशा आवाजातच ती बोलली. पाणी आपण घालतो ते देवाला आठवण करून द्यायला नाही. त्याला प्रत्येक लेकरू ठाऊक असतं, आपल्यातलं, दुसऱ्यांतलं, नाव ठेवलेलं, न ठेवलेलं. माझा मुलगा त्याच्याकडे आहे, असा माझा विश्वास आहे. पाणी नाही मिळालं म्हणून तो कुणाला टाकून देत असता, तर मी तुम्हाला त्याचं काही शिकवायला इथं उभी राहिले नसते.

"आणि दुसरं लिहून घ्या," ती म्हणाली. "ज्याचं लेकरू आहे, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पाणी घालायला नाही, काहीच करायला नाही. हे मी मागच्या वेळी सांगायला विसरले. ती माझी चूक."

पेनं चालू लागली. शेवटच्या बाकावर इंद्रजीतनं बाकाची कड चावायला घेतली होती. तनुजा त्याचं तोंड पुसत होती आणि वर बघत नव्हती.

मुलं गेल्यावर ती पुढं आली. म्हणाली, सासूबाईंनी लिहिण्याबिहिण्याचं काही सांगितलं नाही, पण सुवार्ता सगळं लिहून ठेवते, हे मला माहीत आहे. आमच्या बाळाचं बारसंसुद्धा तिनं लिहून ठेवलं होतं. लिहिलंय का काही?

प्रणय दारात येऊन उभा होता. त्यानं डोळ्यांनी नको म्हटलं. पण सकाळी निघताना संध्यानं तांदळाचा डबा उघडला होता. कशासाठी, तेव्हा तिला नेमकं कळलं नव्हतं. तिनं पर्समधून चौघडी काढून तनुजाच्या हातात दिली. घडीत अडकलेले तांदळाचे दोन दाणे खाली पडले.

तनुजानं उभ्यानं वाचलं. साक्षीदाराच्या ओळीशी थांबली. "मायकल," ती स्वतःशीच म्हणाली. मग पान घडी करून दवाखान्याच्या फाइलच्या कप्प्यात घातलं. "याचं काय करायचं ते माझं मी बघीन. विश्वजीतला सांगायचं का, कधी सांगायचं, तेही. तुम्ही कुणी बोलू नका."

"बरं," संध्या म्हणाली. उद्या काय होईल, परवा काय होईल, ते आता त्या प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये होतं.

फाटकाशी रिक्षा थांबली. तनुजाच्या एका खांद्यावर बॅग, काखेत फाइल, कडेवर बाळ, आणि रिक्षात चढताना ओढणी पायात आली. ती थांबली. बाळाला कुणाकडे तरी द्यावं म्हणून तिनं नेहमीच्या सवयीनं वळून बघितलं, आणि सुवार्तावर नजर पडताच तशीच राहिली.

सुवार्तानं हात मागं बांधले होते. "काकू," ती म्हणाली, "घेऊ का?"

रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. तनुजा पोरीकडे बघत राहिली. मग तिनं बाळ पुढं केलं. सुवार्तानं त्याला दोन्ही हातांनी, हनुवटीनंसुद्धा आवळून धरलं. तनुजानं वाकून ओढणी सोडवली. एकाच हातानं. दुसऱ्या हातात इंद्रजीतचा पाय होता, आणि तो तिनं सोडला नाही.